आठात नऊ

चहात साखर किती घालू असं विचारलं, तर बाई म्हणायच्या, "आठात दोन." डोकं दुखायला लागलं की, "आठात पाच दुखतंय, गोळी नको." शेजारची मुलगी नवा ड्रेस घालून दाखवायला आली, तर "आठात सहा बरा दिसतोय." गल्लीने त्यांचं नाव आठातल्या बाई ठेवलं होतं. बाईंना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. माणसाने निदान मोजून तरी बोलावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

सवय नोकरीतून लागलेली. बाई हवामानखात्याच्या एका छोट्या केंद्रात निरीक्षक होत्या. केंद्र कसलं, तारेच्या कुंपणातलं गवताचं अंगण. त्यात चार पायांवर उभी असलेली झडपांची पांढरी पेटी, पाऊस मोजायचं भांडं, वाऱ्याची दिशा दाखवणारा एक कुरकुरा बाण, आणि कडेला दोन खोल्यांचं क्वार्टर. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला बाई अंगणाच्या मधोमध उभ्या राहायच्या, मान वर करून चारही बाजूंना वळायच्या, आणि मनातल्या मनात आकाशाचे आठ भाग करायच्या. त्यातले किती भाग ढगांनी झाकलेत, तो आकडा वहीत लिहायचा. काहीच नाही तर शून्य, गच्च भरलं तर आठ. आणि धुकं असं दाटलं की आकाशच दिसत नाही, तर नऊ. आठात नऊ म्हटलं की नवखा माणूस हसतो, पण नियम तसाच आहे. दिसत नसेल तर दिसत नाही असं लिहा, उगाच काहीतरी ठोकून देऊ नका.

वहीचेही नियम होते. खोडरबर चालायचा नाही. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा आणि सही. सव्वीस वर्षांत बाईंच्या वहीत अशा रेघा सात. त्या सातही त्यांना तारखांसकट पाठ होत्या.

बाई उंचीने बेताच्या. बेताच्या काय, बुटक्याच. पेटीतला तापमापक वाचायला त्यांना स्टूल लागायचं, आणि ते स्टूल नवऱ्याने करून दिलं होतं, नोकरीच्या पहिल्या महिन्यात. नवरा शाळेत सुतारकाम शिकवायचा. "लाकूड हलकं आहे गं, उन्हात राहू दे, पण पावसात भिजवू नकोस, फुगेल," असं त्याने तेव्हा बजावलं होतं. सव्वीस वर्षं झाली, स्टूल अजून डुगडुगत नव्हतं.

त्या काळात नवरा शाळेत निघताना दारात थांबून रोज विचारायचा, "छत्री घेऊ का?"

आणि बाई काय उत्तर द्यायच्या? "पश्चिमेला आठात तीन. मधल्या उंचीचे."

"अगं, पण घेऊ की नको?"

"ते मी कसं सांगणार? अंदाज वरच्या ऑफिसचा. माझं काम नोंदीचं."

पहिल्याच वर्षी साहेबांनी ताकीद दिली होती, दिसतं ते लिहा, वाटतं ते नको. शहाण्या माणसाने ती ताकीद कुंपणाच्या आत ठेवली असती. बाईंनी ती स्वयंपाकघरापर्यंत आणली. नवऱ्याने दोनचार वर्षं विचारून पाहिलं, मग विचारायचं सोडून दिलं. कधी सोडलं, ते मात्र बाईंनी नोंदवलं नव्हतं.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग अकरा वर्षांपूर्वी समोर लाँड्री आली.

रस्त्याच्या पलीकडे, कुंपणाच्या अगदी समोर, एक बाई दुकान घेऊन बसली. खाली इस्त्रीचं टेबल आणि दोन मोठी मशिनं, वर गच्चीवर वाळत घालायच्या दोऱ्या. हॉस्पिटलच्या चादरी, लॉजच्या उशांचे अभ्रे, सगळं तिच्याकडे. चाळिशीची, धिप्पाड, हसली की रस्त्याच्या टोकाला ऐकू जाणारी. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची. पेपरवाला वहिनी म्हणायचा, रिक्षावाला वहिनी म्हणायचा, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असलेले पोस्टमास्तरही वहिनी म्हणायचे.

"कोणाची वहिनी?" बाई घरात म्हणायच्या. "दीर तरी मोजा एकदा!" तिला हाक मारताना त्यांच्या तोंडातून तो शब्द अकरा वर्षांत एकदाही निघाला नाही. बोलायची वेळ आलीच तर "अहो, ऐकलंत का" म्हणून भागवायच्या.

आणि या लाँड्रीवालीला पाऊस कळायचा! हे खरं दुखणं. सकाळी तिने दोऱ्या भरल्या की समजावं, दिवस कोरडा जाणार. दोऱ्या रिकाम्या ठेवल्या की दुपारपर्यंत धार लागलीच म्हणून समजा. लोक कामाला जाताना मान वर करून तिच्या गच्चीकडे बघायचे. "वहिनी, आज काय?" "घाला बिनधास्त!" किंवा "रंगकाम आज नको हो!" की रंगारी शिडी उचलून घरी. लग्नाच्या तारखा ठरवायलासुद्धा लोक तिच्याकडे जायला लागले होते. आणि रस्त्याच्या या बाजूला सरकारी पगार घेऊन, दोन प्रमाणपत्रं भिंतीला टांगून, सव्वीस वर्षं रोज दोनदा आकाश बघणारी बाई उभी असायची. तिला कोणी एका शब्दाने विचारेल तर शपथ. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात तेही खोटं नाही.

बाईंचा जळफळाट व्हायचा. पण नोंदी करणारी बाई ती, तिचा मत्सरसुद्धा वहीत. एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी रकाने आखले. तारीख, लाँड्रीवाली काय म्हणाली, प्रत्यक्षात काय झालं. कधीतरी तोंडघशी पडेल आणि आपल्याकडे पुरावा असेल, हा हेतू. वर्षभर लिहिलं आणि एका रविवारी बेरीज मारली. दहातले नऊ बरोबर. वरच्या ऑफिसचे त्याच वर्षातले अंदाज शेजारी मांडून बघितले, तर दहातले सात. बाईंनी वही बंद केली आणि त्या दिवशी दोघांच्या चहात साखर घालायला विसरल्या. नोंद खोटी लिहिता येत नाही, हाच तर घोटाळा होता.

एवढंही त्यांनी गिळलं असतं. गल्लीचं काय, गल्लीला अक्कल कधी होती? पण चार वर्षांपूर्वी नवरा रिटायर झाला, आणि रोज सकाळी सव्वाआठला, बाई आकडे फोनवरून वर कळवत असताना, तो केस विंचरून, रस्ता ओलांडून लाँड्रीत जायला लागला. हातात एक शर्ट. कधी एकच रुमाल.

एकदा बाईंनी खिडकी उघडी ठेवली. पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट, "वहिनी, छत्री घेऊ का?"

बाईंच्या हातातला फोन तसाच राहिला. फोनवरचा माणूस "हॅलो, दमटपणा किती?" म्हणून ओरडत होता. छत्री घेऊ का! हे तीन शब्द बाईंचे होते. लग्नातल्या दागिन्यासारखे त्यांचे होते. आणि तो ते उचलून तिकडे देऊन आला. दुसरं काही घेऊन गेला असता तर चाललं असतं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," जेवताना त्या म्हणाल्या. "घरात हवामानखातं असताना माणसं लाँड्रीत कशाला जातात कोण जाणे."

"इस्त्री छान करते ती," नवरा म्हणाला.

"रुमालाला?"

नवरा नुसता हसला. त्या हसण्याने बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. संशय होता का? छे, तसला नव्हता. साठी ओलांडलेला माणूस, गेल्या वर्षी छातीत पाणी होऊन तीन आठवडे हॉस्पिटलात पडलेला, तो कुठे काय करणार? डॉक्टरांनी तर बजावून ठेवलं होतं, काही करा, पण भिजू नका. नाही, तसला संशय नव्हता. पण आपला माणूस आपल्याच विषयातलं दुसऱ्या बाईला विचारतो, यापेक्षा तसला संशय परवडला असता, असं बाईंना कधीकधी वाटायचं.

मग तो बुधवार उजाडला. नवऱ्याला छातीच्या डॉक्टरांकडे तपासणीला जायचं होतं, गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. पावणेआठलाच तो केस विंचरायला लागला.

"आज इतक्या लवकर?" बाई म्हणाल्या.

"नऊची बस आहे. जरा वहिनींना विचारून येतो, छत्री न्यायची का ते."

इतकं तोंडावर! आजवर निदान रुमालाचा आडपडदा तरी होता.

"मी मेलेय का?" बाई म्हणाल्या. "माझ्या दोन डोळ्यांना काय झालंय?"

"बरं, तूच सांग मग. घेऊ का?"

आता बघा, दार उघडून समोर ठेवलेलं होतं. नुसतं आत जायचं होतं. पण राग आला की माणूस सवयीचंच बोलतो. "माझं काम नोंदीचं," बाई म्हणाल्या, वही उचलली आणि तरातरा अंगणात गेल्या.

त्या दिवशी त्यांनी आकाश बघितलं असं म्हणणं जिवावर येतं. मान वर केली, ती रस्त्याच्या बाजूला. गच्चीवर ती उभी होती, खांद्यावर ओल्या चादरींची चळत, आणि इकडेच बघत होती. बघ, बघ, बाई मनात म्हणाल्या. आज चूक. देवा, आज एकदाच हिला चुकव. सगळ्या गल्लीसमोर चुकव. डोक्यावर दोनचार पांढरे ढग होते, ते दिसले. पश्चिमेकडे, पाण्याच्या टाकीच्या मागे, बघायला वळावं लागतं आणि चार पावलं चालावं लागतं. बाई वळल्या नाहीत. स्टुलावर चढून तापमान घेतलं, ढगांच्या रकान्यात दोन लिहिलं आणि पाय आपटत आत गेल्या. स्टूल तिथेच गवतात राहिलं.

खिडकीतून त्यांनी बघितलं. लाँड्रीवालीने दोऱ्या भरल्या. सगळ्या. अठ्ठेचाळीस चादरी, बाईंनी मोजल्या. नवरा खाली उभा राहून काहीतरी बोलला, तिने हात हलवला, आणि तो बिनछत्रीचा बसस्टॉपकडे गेला.

दीडच्या सुमाराला खोलीत अंधारून आलं. बाई दारात आल्या तर टाकीमागून काळं शाईसारखं पुढे सरकत होतं. आणि मग आला. टपटप वगैरे काही नाही, एकदम बदाबदा.

गच्चीवर ती धावत होती. चादरी ओढत होती, एक खाली पडली, दुसरी कठड्यावरून थेट रस्त्यावर. पेपरवाला छपराखालून ओरडला, "वहिनी, आज काय झालं हो?" रंगाऱ्याची अर्धी भिंत रस्त्यावर वाहून आली होती आणि तो कपाळाला हात लावून बसला होता. आणि बाई? खोटं कशाला सांगू, बाईंना आनंद झाला. इतका की त्यांनी जुनी वही काढली, मागचं पान उघडलं आणि जाड अक्षरात लिहिलं: चूक. खाली दोन रेघा मारल्या. अकरा वर्षांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

पेनाचं टोपण लावता लावता त्यांना आठवलं, नवऱ्याकडे छत्री नाही.

तो आला तेव्हा पावणेतीन झाले होते. शर्ट अंगाला चिकटलेला, ओठ निळसर, दातावर दात वाजत होते. बाईंनी टॉवेल आणला, डोकं पुसलं, कोरडे कपडे दिले, पाणी उकळायला ठेवलं. तोंड मात्र थांबेना. "गेलात ना तिला विचारायला? भोगा! तुमची वहिनी! दहातले नऊ म्हणे! आज कळली का किंमत?"

नवरा खोकला. त्याने टॉवेल डोक्यावर ओढून घेतला.

तेवढ्यात दार वाजलं. लाँड्रीवाली. नखशिखांत भिजलेली, एका हातात चिखलाने भरलेली चादर. आणि दुसऱ्या हातात बाईंचं स्टूल.

"बाई," ती म्हणाली, आणि ती रागावलेली नव्हती, रडवेली होती. "आज हे आत का नाही नेलंत?"

"म्हणजे?"

"स्टूल हो! अठ्ठेचाळीस चादरी परत धुवायच्या आता. संध्याकाळी सहाला द्यायच्यात. तुम्ही स्टूल बाहेर ठेवलंत म्हणून घातल्या मी."

बाईंना काही कळेना. "माझ्या स्टुलाचा आणि तुमच्या चादरींचा काय संबंध?"

"अहो, मला काय कळतंय आकाशातलं?" लाँड्रीवाली म्हणाली. "मी तुमच्याकडे बघते. अकरा वर्षं. तुम्ही वही लिहून निघालात आणि स्टूल बरोबर नेलंत, की मी काही वाळत घालत नाही. ठेवून गेलात, की बिनधास्त. दुकान उघडलं त्या पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं माझ्या. बाकी ही गल्ली मला विचारते, मी आपली सांगते. तुमचंच सांगते की सगळं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

बाई स्टुलाकडे बघत राहिल्या. एक पाय फुगून चिरला होता. त्या खरंच उचलायच्या का? उचलत असतील. ढगांचा रंग, वाऱ्याचा वास, कसं काय कोण जाणे, हाताला कळत असेल. वहीत त्यासाठी रकाना नव्हता. म्हणजे ज्या बाईचा अकरा वर्षं हेवा केला, दहातले नऊ म्हणून जिच्या नावाने बोटं मोडली, ती म्हणजे या स्वतःच. आणि आजची जाड अक्षरातली चूकसुद्धा त्यांचीच.

मग त्यांची मान हळूहळू नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"स्टूल मीच केलंय ना," नवरा टॉवेलमधून म्हणाला. "मी शर्ट घेऊन गेलो, त्या पहिल्या दिवशीच वहिनींनी सांगितलं."

"मग तिकडे कशाला जायचात? मला का नाही विचारलंत?"

"विचारलं की. आज सकाळीही विचारलं." त्याला खोकला आला. "तुला विचारलं की तू दिसतं ते सांगतेस. तुला वाटतं काय, ते कळायला मला रस्ता ओलांडावा लागतो."

बाई आत गेल्या. स्वयंपाकघरात उकळलेलं पाणी निम्मं आटलं होतं. त्या तिथेच उभ्या राहून रडल्या, आवाज न करता, पण बऱ्यापैकी. डोळे पुसून बाहेर आल्या, लाँड्रीवालीच्या हातात कोरडा टॉवेल दिला आणि पाच वाजेपर्यंत तिच्या दुकानात उभं राहून अठ्ठेचाळीस चादरी मशिनमध्ये घालायला, पिळायला, इस्त्रीखाली सरकवायला मदत केली. पण मत्सर एका दुपारीत जात नाही. ही बाई अकरा वर्षं माझ्याकडे इतकं निरखून बघत होती आणि मी तिचे फक्त चुकलेले दिवस शोधत होते, याचाही बाईंना थोडा हेवाच वाटला.

पाचला त्यांनी वही उघडली. सकाळच्या दोनवर आडवी रेघ मारली, आठवी. शेजारी काय लिहायचं? पश्चिम बघितलीच नव्हती, तर सहा तरी कसं लिहिणार? बराच वेळ पेन धरून बसल्या. मग लिहिलं नऊ. शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात: धुकं नव्हतं. निरीक्षकाला आकाश दिसलं नाही. आणि सही केली. वरच्या ऑफिसातून काय विचारायचं ते विचारोत.

नवऱ्याला रात्री ताप भरला, पण छाती मोकळी होती. सकाळी तो शाल गुंडाळून पायरीवर बसला. बाई अंगणात गेल्या, चारही बाजूंना वळल्या, टाकीमागेही जाऊन आल्या. आठात पाच. तापमान घेतलं, वही लिहिली आणि निघाल्या, तर पाय अडले. हात स्टुलाकडे जाईना, आणि सोडून पुढेही जाववेना. आता माहीत झालं होतं ना! चालताना पावलं कशी पडतात याचा विचार केला की माणूस अडखळतो, तसं झालं. गच्चीवर ती खांद्यावर चादरी घेऊन थांबलेली. पायरीवर तो. दोघेही बाईंकडे बघत होते.

"अगं," नवरा म्हणाला, "छत्री घेऊ का?"

कुठे जायचं नव्हतं त्याला. रात्री बघून गेलेल्या डॉक्टरांनी चार दिवस घराबाहेर पाऊल टाकू नका म्हणून सांगितलं होतं.

बाईंनी पश्चिमेकडे बघितलं. सव्वीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

"घ्या," त्या म्हणाल्या. मग गच्चीकडे तोंड करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "वहिनी! आज नका घालू! येणार असं वाटतंय मला!"

वहिनीने चादरी खाली ठेवल्या. पेपरवाल्याने पेपरांवर प्लॅस्टिक टाकलं. रंगाऱ्याने शिडी उचलली. नवरा आतून छत्री घेऊन आला आणि ती मांडीवर ठेवून पायरीवर बसला.

आणि पाऊस आला नाही. दहाला ढग फाटले, बाराला लख्ख ऊन पडलं, दिवसभर एक थेंब नाही. वहिनीच्या ओल्या चादरी दुकानात कुबट वास मारत पडल्या, रंगारी दोनदा येऊन आकाशाकडे आणि मग बाईंकडे बघून गेला. बाई दर अर्ध्या तासाने बाहेर यायच्या आणि तोंड लपवून आत जायच्या. संध्याकाळी त्यांनी जुन्या वहीचं मागचं पान उघडलं, लाँड्रीवालीचं नाव खोडलं, तिथे आपलं लिहिलं आणि पहिल्या ओळीत मांडलं: चूक. नवरा पाचपर्यंत उन्हात छत्री मांडीवर घेऊन बसून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला बाई वही घेऊन निघाल्या, तर तो दारात उभा होता.

"छत्री घेऊ का?" त्याने विचारलं.